कूलरच्या आडून

हरगोविंद कुशवाहनं खिडकीवरून कूलर उतरवला
तेव्हा मागची चौकट पिस्त्याच्या रंगाची निघाली.
असा रंग होता घराला. मी विसरलो होतो.

टाकीच्या तळाशी क्षारांचा थर, बोटभर जाड,
पापुद्र्यावर पापुद्रा.
तिघऱ्याच्या पाण्याचे तेहतीस उन्हाळे.
मधला एक तांबूस:
टँकरचं पाणी घातलं ते वर्ष.
आंघोळ की कूलर, असा प्रश्न होता
आणि दोघांनी एका दमात कूलर म्हटलं होतं.

इद्रीस भंगारवाल्यानं काटा लावला.
लोखंड एकोणीस किलो, मोटरचं तांबं वेगळं,
पंप फुकट.
आठशे चाळीस.
ए.जी. ऑफिसात जन्म गेला, मी बेरीज तपासली.
बरोबर होती.
दोन कांड्यांचा तो जुना हीटर, एक कांडी कधीच गेलेली,
यादीत नव्हता.
मी कुमुदकडं पाहिलं. ती गच्चीवर गेली.

पैसे मृण्मयीनं पाठवले, बंगळुरूहून.
बाबा, एकच मशीन. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम.
रिमोटवर एक सूर्य, एक बर्फाचं फूल,
ग्वाल्हेरचं अख्खं हवामान माझ्या तळहातावर.
"अब चैन से सोइए, अंकलजी,"
म्हणाला हरगोविंद, आणि ड्रिलची धूळ तशीच टाकून गेला.

त्या रात्री बाहेर दगड तापलेले.
आत काहीच नाही.
म्हणजे आवाजच नाही.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं
आणि स्वतःच दचकलो. केवढ्यानं बोललो मी!

तेहतीस उन्हाळे आम्ही ओरडूनच बोललो.
भाजी कुठली करू, दार लावलं का,
पोरीच्या अंगात ताप आहे,
सगळं एकाच पट्टीत.
समोरच्या भदौरियांना वाटायचं,
हे मराठी लोक भांडतात फार.

"मी इथंच आहे," कुमुद म्हणाली. हळू.

आणि तिला ऐकू जाऊ नये असं जे असायचं
ते मी कूलरकडं तोंड करून म्हणायचो.
बढती हुकली त्या रात्री.
आई गेली, त्यानंतर बरेच दिवस.
आणि एकदा, एकदाच,
की सकाळी झाशीकडची पहिली गाडी धरीन,
मागं बघणार नाही.

कूलर बाहेरची हवा आत ओढतो.
माझी खाट खिडकीशी, तिची पलीकडं.
म्हणजे शब्द न् शब्द
वाळ्याच्या वासासकट
तिच्या उशीवर जाऊन पडत होता.
जन्मभर आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला
हवेची दिशा कळू नये.

"ऐकू यायचं," ती म्हणाली.
"काय?"
"तू बोलायचास ते."
"सगळं?"
"मोटर मधूनमधून अडखळायची. तेव्हाचं तेवढं नाही."

मी वाट पाहिली, पुढं काही येईल म्हणून.
तिनं रिमोट मागितला,
सव्वीसचं सत्तावीस केलं,
पाय गारठलेत म्हणाली, आणि झोपली.

मी जागा. भिंतीवर एक हिरवा ठिपका.

जानेवारीत धुकं जिन्यापर्यंत आलं.
सूर्य दाबला.
गरम हवा छताशीच घोटाळत राहिली,
खाली बोटं बधिर.
हरगोविंद फोनवर म्हणाला,
"गर्म हवा ऊपर ही रहती है, अंकलजी, हम क्या करें."

कुमुदनं दिवाणाखालून हीटर ओढला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वायर नीट वळलेली.
एकच कांडी. तिच्यापुढं दोघांचे गुडघे मावतात,
जरा सरकून बसलं तर.
आधी धूळ जळल्याचा वास, मग तांबूस, मग लाल.

ती कांडीकडं बघत
काहीतरी पुटपुटली, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

हीटरला आवाज नसतो.